‘बीसीएम गेलाय’ म्हणण्याआधी: गाडीच्या बॉडी वायरिंगमधला बिघाड कसा शोधायचा

पावसाळा लागला की गॅरेजांत ठरावीक तक्रारी यायला लागतात. डावा इंडिकेटर दिला की ब्रेक लाइटही मिणमिणतो. दारं नीट लावूनही मीटरवरची ‘दार उघडं’ ही खूण जात नाही. सेंट्रल लॉक आपोआप खटखट वाजतं. रात्री उभी केलेली गाडी सकाळी स्टार्ट होत नाही. या सगळ्या कामांचा कारभार आता बीसीएमकडे, म्हणजे बॉडी कंट्रोल मॉड्यूलकडे असतो, म्हणून पहिला संशयही त्याच्यावरच जातो. नवा बीसीएम हजारो रुपयांचा, वर त्याचं प्रोग्रामिंग वेगळं. एवढा खर्च करूनही इंडिकेटर तसाच मिणमिणत राहिला, तर ग्राहकाला काय सांगणार?

मी शिकायला येणाऱ्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगतो, की बीसीएमचा नंबर सगळ्यात शेवटी. त्याला मिळणारी सप्लाय, त्याची अर्थ (करंट बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जायची वाट), त्याला कळवणारे स्विच आणि त्याच्याकडून निघणाऱ्या वायरी हे सगळं मोजून निर्दोष ठरल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. मल्टीमीटर थोडाफार वापरता येणाऱ्या कुणालाही ही रीत जमेल.

बीसीएम करतो काय

जुन्या गाडीत हेडलाइटचा स्विच दाबला की करंट फ्यूजमधून, स्विचमधून नाहीतर रिलेतून (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचमधून) सरळ दिव्याला जायचा. वायर धरून गेलं की बिघाड सापडायचा. आता स्विच फक्त कळवायचं काम करतो. त्याच्यातून जेमतेम काही मिलिअँपिअर करंट वाहतो. ‘दिवा लावायचाय’ हे बीसीएमला समजतं, इग्निशन चालू आहे का वगैरे अटी तो तपासतो, आणि मग दिव्याला करंट सोडतो किंवा रिले ओढतो.

म्हणजे तपासायच्या जागा चारच. बीसीएमची सप्लाय आणि अर्थ, त्याच्याकडे येणारे इनपुट, त्याच्याकडून जाणारे आउटपुट, आणि इतर मॉड्यूलशी (गाडीतल्या बाकीच्या कंट्रोल बॉक्सशी) त्याचं चालणारं बोलणं. कोणतीही तक्रार आली तरी ती या चारांपैकी कुठे बसते, एवढंच आपल्याला शोधायचं असतं.

हत्यारं, आणि काही पक्के नियम

चांगला डिजिटल मल्टीमीटर, २१ वॉटचा बल्ब होल्डरसह, एलईडी टेस्ट लॅम्प, फ्यूज असलेली जंपर वायर आणि कप्लरच्या (वायरी जोडायच्या प्लगच्या) मागून घालायच्या बारीक पिना हव्यात. गाडीचा वायरिंग डायग्रॅम तर हवाच. डायग्रॅमशिवाय बॉडी वायरिंगवर काम करणं म्हणजे नुसता अंदाज, आणि अंदाजाचे पैसे ग्राहक भरतो.

स्कॅनर, म्हणजे मॉड्यूलमधली माहिती वाचणारं यंत्र, घेताना एक पाहा. मोबाइलला जोडायची स्वस्त ब्लूटूथ डोंगल बहुधा इंजिनचेच कोड (मॉड्यूलने नोंदवलेले बिघाडाचे क्रमांक) वाचते. बीसीएमच्या आत शिरून लाइव्ह डेटा (त्या क्षणी बीसीएमला काय कळतंय ते) दाखवणारा आणि आउटपुट चालवून बघू देणारा स्कॅनर लागतो.

आता नियम. पिवळ्या कप्लरला आणि पिवळ्या आवरणाच्या वायरींना हात लावायचा नाही. त्या एअरबॅगच्या असतात आणि मल्टीमीटरचा ओहम मोडसुद्धा तिथे धोक्याचा आहे. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीतल्या नारिंगी केबल हाय व्होल्टेजच्या. त्यांचं प्रशिक्षण नसेल तर लांब राहा. वायर अर्थला टेकवून ठिणगी बघायची जुनी सवय सोडा. बीसीएममधला इलेक्ट्रॉनिक ड्रायव्हर (आउटपुटला करंट सोडणारा भाग) ती सवय सहन करत नाही. २१ वॉटचा बल्ब सिग्नलच्या वायरीला कधीही लावू नका, तो फक्त सप्लाय आणि अर्थ तपासायला. आणि इन्सुलेशनमध्ये सुई खुपसू नका. आज तुम्ही पाडलेल्या त्या भोकातून पुढच्या पावसात पाणी शिरेल आणि आतल्या तांब्याला हिरवा कळंक चढेल.

तक्रार नीट लिहून घ्या

‘लाइट चालत नाही’ एवढ्यावर कामाला लागू नका. कधीपासून चालत नाही, नेहमी की अधूनमधून, पावसात की उन्हात, दार उघडताना की खड्ड्यात, हे विचारा. मुख्य म्हणजे त्याच सुमारास गाडीत काही बसवलं होतं का? नवा स्टिरिओ, रिव्हर्स कॅमेरा, डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, मोठा हॉर्न, एलईडी बल्ब. मूळ हार्नेस (वायरींचा जुडगा) सोलून, पीळ मारून, टेप गुंडाळून काढलेला जोड दिसला तर आधी तोच उघडा. बाहेरून बसवलेल्या वस्तूचं कनेक्शन तात्पुरतं सोडून बघायला पाच मिनिटं लागतात, आणि कितीतरी वेळा तक्रार तिथेच मिटते.

मग स्वतः गाडीभोवती फिरून एकेक गोष्ट चालवून बघा आणि काय चालतं, काय नाही, ते लिहा. चारही काचा, सगळे दिवे, हॉर्न, वायपर, लॉक. ही यादी फार उपयोगी पडते, कारण बीसीएमला बहुतेक गाड्यांत एकापेक्षा जास्त फ्यूजमधून सप्लाय येते. लॉकचा फ्यूज वेगळा, इंडिकेटरचा वेगळा. अर्धी कामं चालत असतील आणि अर्धी बंद, तर बंद पडलेल्या कामांचा फ्यूज किंवा अर्थपॉइंट एकच आहे का, ते डायग्रॅममध्ये पाहा.

बॅटरी, फ्यूज, आणि मग अर्थ

काही तास उभ्या असलेल्या गाडीची पूर्ण चार्ज बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. १२.२ म्हणजे अर्ध्यावर आली. स्टार्टर फिरताना ती ९.६ च्या खाली जाऊ नये. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ च्या आसपास असावं, पण नव्या काही गाड्यांत अल्टरनेटर गरजेप्रमाणे व्होल्टेज कमीजास्त करतो, तेव्हा एका आकड्यावरून निकाल देऊ नका. कमजोर बॅटरीमुळे मॉड्यूल भलतेसलते कोड टाकतात. अशा गाडीवर स्कॅनर लावून कोडांच्या मागे धावणं व्यर्थ आहे. आधी बॅटरी चार्ज करा, कोड लिहून ठेवून पुसा, आणि परत काय येतं ते बघा.

फ्यूज डोळ्यांनी बघून ठरवू नका. पात्याच्या फ्यूजच्या डोक्यावर दोन उघडे ठिपके असतात. दोन्हींवर व्होल्टेज मिळालं पाहिजे. उडालेला फ्यूज बदलताना त्याच रंगाचा घाला: लाल १० अँपिअर, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. फ्यूज पुन्हा उडाला तर मोठा घालायचा नाही, शॉर्ट शोधायचा.

अर्थकडे मात्र जास्त वेळ द्या. बॉडी वायरिंगच्या भुताटकीसारख्या वाटणाऱ्या बऱ्याच तक्रारी अर्थमधून निघतात. मागच्या दिव्याचंच उदाहरण घ्या. इंडिकेटर, ब्रेक आणि पार्किंग या तिन्ही दिव्यांची अर्थ अनेक गाड्यांत एकाच वायरीने बाहेर पडते. ती वायर गंजली की इंडिकेटरमधून आलेल्या करंटला बॉडीकडे जायला वाट राहत नाही. मग तो त्याच होल्डरमधल्या ब्रेकच्या फिलामेंटमधून उलटा चढतो आणि दुसऱ्या बाजूच्या दिव्याच्या अर्थमधून बाहेर पडतो. म्हणून इंडिकेटरबरोबर ब्रेक लाइट मिणमिणतो. यात बीसीएमचा काहीही दोष नाही. होल्डरची अर्थ साफ केली की मिणमिणणं थांबतं.

अर्थ तपासायला ओहम मोड वापरू नका. दहा तारांपैकी नऊ तुटून एकच उरली तरी मीटर जवळपास शून्य ओहम दाखवेल, कारण मोजताना तो अगदी क्षीण करंट सोडतो. खरी परीक्षा लोडवर, म्हणजे वायरीतून भरपूर करंट वाहत असताना, होते, आणि ती अशी करायची. कप्लर जोडलेलाच ठेवा. हेडलाइट, ब्लोअर, इंडिकेटर चालू करा. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर आणि लाल पिन बीसीएमच्या अर्थच्या पिनेवर मागच्या बाजूने लावा. ०.१ व्होल्टपेक्षा कमी दिसलं तर अर्थ चांगली. ०.३, ०.५ दिसलं तर वाटेत कुठेतरी अडथळा आहे. लाल पिन एकेक जोड मागे सरकवत या. जिथे आकडा एकदम पडतो, तिथे दोष.

सप्लायचीही तशीच तपासणी. लाल पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, काळी बीसीएमच्या सप्लाय पिनेवर. ०.२ पर्यंत ठीक, ०.५ च्या वर नक्की गडबड. हे एक माप घ्यायला शिकलात तर निम्मं काम हाताला आलं असं समजा. मला तर वाटतं, आयटीआयच्या पहिल्या महिन्यात मुलांकडून हेच पुन्हापुन्हा करून घ्यावं.

कप्लर काढूनच तपासायचं असेल तर सप्लाय आणि अर्थच्या पिनांमध्ये २१ वॉटचा बल्ब लावा. तो साधारण पावणेदोन अँपिअर करंट ओढतो. मीटरवर १२ व्होल्ट आहेत, पण बल्ब मंद पेटतो, तर वायर नावापुरती उरली आहे. बल्बचं टोक कप्लरच्या पिनेत जबरदस्तीने घुसवू नका. पीन फाकली की नवाच लूज कॉन्टॅक्ट तयार होतो.

स्कॅनरने काम अर्धं करून घ्या

बॉडीचे कोड ‘बी’ने आणि मॉड्यूलमधल्या बोलण्याचे ‘यू’ने सुरू होतात. कोड म्हणजे निदान नव्हे. ‘ड्रायव्हर डोअर स्विच सर्किट’ असा कोड आला म्हणून स्विच मागवायचा नाही. कोडने फक्त कुठल्या वायरीकडे बघायचं ते सांगितलं.

स्कॅनरची खरी ताकद दोन गोष्टींत आहे: लाइव्ह डेटा आणि आउटपुटची चाचणी. समजा, हॉर्न वाजत नाही. बीसीएममध्ये शिरून हॉर्नची चाचणी द्या. हॉर्न वाजला, तर बीसीएम, रिले, वायर आणि हॉर्न सगळं चांगलं आहे. दोष इनपुटकडे, म्हणजे हॉर्नचं बटण किंवा स्टिअरिंगखालची फिरती पट्टी यांत आहे. वाजला नाही, तर लाइव्ह डेटात हॉर्नचं बटण दाबून पाहा. तिथे ‘ऑफ’चं ‘ऑन’ होत असेल तर इनपुट ठीक आहे आणि दोष आउटपुटकडे. दोन मिनिटांत, एकही पॅनेल न काढता, अर्धी गाडी संशयातून बाहेर.

इनपुट तपासताना

बहुतेक साधे स्विच वायरीला अर्थ देतात. बीसीएम त्या वायरीवर आतून थोडं व्होल्टेज धरून ठेवतो, कुठल्या गाडीत ५ तर कुठल्या गाडीत १२ च्या आसपास. स्विच दाबला की ते शून्याजवळ येतं. स्विचच्या कप्लरवर हे व्होल्टेज मिळतं का बघा. मिळालं, तर डायग्रॅममध्ये तो स्विच अर्थला जातो याची खात्री करून वायर जंपरने अर्थला लावा आणि लाइव्ह डेटा बघा. स्थिती बदलली तर स्विच किंवा स्विचची अर्थ खराब. नाही बदलली तर बीसीएमच्या पिनेवर जाऊन मोजा. पिनेवर व्होल्टेज शून्यावर येतंय, तरी लाइव्ह डेटात काहीच हलत नाही, अशा वेळी बीसीएमवर संशय घ्यायला जागा आहे.

वायपरची दांडी किंवा स्टिअरिंगवरची बटणं थोडी वेगळी. तिथे एकाच वायरीवर अनेक स्थिती असतात आणि प्रत्येक स्थितीला वेगळा रेझिस्टर. बीसीएम व्होल्टेज वाचून ओळखतो की हे ‘हळू’ आहे की ‘जलद’. कॉन्टॅक्टवर मळ साचला की रेझिस्टन्स वाढतो आणि बीसीएमला भलतीच स्थिती कळते. एक टाकल्यावर दुसरंच चालू होतं, ते यामुळे.

आउटपुट तपासताना

आउटपुट मोजताना भार जोडलेला ठेवा. बीसीएम दिव्यांना बऱ्याचदा सलग करंट न देता झटपट चालू-बंद करत देतो, त्यामुळे मीटरवर ७ किंवा ९ व्होल्ट असा सरासरी आकडा दिसतो आणि नवा माणूस घाबरतो. तसंच काही बीसीएम दिवा बंद असतानाही फिलामेंट शाबूत आहे का ते बघायला बारीक झटके पाठवतात. साध्या बल्बला ते कळत नाहीत, बाजारातला एलईडी बल्ब मात्र त्यावर लुकलुकतो. एलईडी घातल्यावर इंडिकेटर भराभर लागतो, त्याचं कारण करंट कमी. बल्ब उडाला असं बीसीएमला वाटतं. मूळ बल्ब घालून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

शॉर्ट झाला की बीसीएमचा ड्रायव्हर स्वतःला वाचवायला आउटपुट बंद करतो. काही गाड्यांत इग्निशन बंद-चालू केल्यावर किंवा कोड पुसल्यावरच ते परत सुरू होतं. त्यामुळे शॉर्ट काढल्यावर लगेच दिवा लागला नाही म्हणून बीसीएमला मेला म्हणू नका.

वायर तुटते कुठे

दार आणि बॉडी यांच्यामधल्या रबराच्या नळीत. डिक्कीच्या झाकणाच्या बिजागरीजवळही तेच. रोज उघडझाप होऊन तांबं आतल्या आत तुटतं आणि इन्सुलेशन अखंड राहतं, म्हणून बाहेरून काही दिसत नाही. काच दार उघडल्यावर चालते आणि बंद केल्यावर नाही, किंवा उलट, असं असेल तर रबर काढा आणि एकेक वायर हलके ओढा. तुटलेली वायर रबरासारखी ताणली जाते. ती सोल्डर करून किंवा नीट क्रिंप करून वर उष्णतेने आवळणारी नळी चढवा, आणि जोड वाकणाऱ्या जागेपासून दूर घ्या. नुसता पीळ मारून टेप लावलात तर गाडी परत तुमच्याच दारात येईल.

दुसरी जागा पाण्याची. समोरच्या काचेखालच्या जाळीत पानं, माती साचून पाण्याची वाट तुंबते आणि पाणी डॅशबोर्डखाली उतरतं. एसीच्या पाण्याची नळी तुंबली तरी पायाजवळ ओल येते. बीसीएम अनेक गाड्यांत तिथेच, स्टिअरिंगखाली किंवा बाजूच्या पॅनेलमागे असतो. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्या गाडीचा कार्पेट उचलून हात लावून बघाच. कप्लरच्या पिनांवर हिरवं-पांढरं दिसलं तर कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करा, पण पाणी येण्याची वाट बंद करणं हे त्याहून मोठं काम.

तिसरे उंदीर. महिनाभर एका जागी उभ्या असलेल्या गाडीचं बॉनेट उघडून हार्नेसवर दातांच्या खुणा आणि लेंड्या शोधा.

मॉड्यूलमधलं बोलणं

मॉड्यूल एकमेकांशी कॅन नावाच्या दोन पिळलेल्या वायरींवरून बोलतात. ही पद्धत बॉश कंपनीने १९८६ मध्ये जाहीर केली. नेहमीच्या वेगवान कॅनच्या दोन टोकांना १२०-१२० ओहमचे रेझिस्टर असतात. बॅटरीची जोडणी काढून ओबीडी सॉकेटच्या (जिथे स्कॅनर जोडतात) ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये मोजलं की ६० ओहम मिळतात. १२० दिसले तर एका टोकाची वाट तुटली आहे, शून्याजवळ दिसलं तर दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्या आहेत. काही गाड्यांत मात्र सॉकेट आणि आतल्या वायरींमध्ये गेटवे (संदेश पुढे पोचवणारा मधला मॉड्यूल) असतो, काहींत बॉडीची कॅन वेगळी आणि कमी वेगाची असते. तिथे हा आकडा बॉडीच्या लाइनबद्दल काही सांगत नाही, डायग्रॅम बघून योग्य जागी मोजा.

यू ०१४० हा कोड म्हणजे बीसीएमशी संपर्क तुटला. अनेक मॉड्यूलनी तो टाकला असेल तर बीसीएमची सप्लाय, अर्थ आणि त्याची कॅनची फांदी तपासा. उलट, एकट्या बीसीएमने दुसऱ्या एका मॉड्यूलची तक्रार केली असेल तर त्या दुसऱ्याकडे जा.

रात्रीत बॅटरी उतरते तेव्हा

३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीतून अर्धा अँपिअर गळत राहिला, तर दोन दिवसांत २४ अँपिअर-तास गेले. गाडी स्टार्ट होणार नाही. गाडी झोपल्यावर, म्हणजे बंद करून सगळे मॉड्यूल शांत झाल्यावर, साधारण ५० मिलिअँपिअरपर्यंतची गळती चालते.

पण गाडी झोपू तर द्या. काही मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत, क्वचित जास्तही वेळ लागतो. बॉनेट उघडं ठेवून त्याचं लॅच स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत आणा. फ्यूजसाठी दार उघडं ठेवायचं असेल तर त्याचंही तसंच, आणि काम संपल्यावर दार आपटण्याआधी हँडल ओढून लॅच मोकळं करायला विसरू नका. बटण-स्टार्टची किल्ली गाडीपासून लांब ठेवा. डीसी क्लॅम्प मीटर असेल तर उत्तम. मल्टीमीटर सिरीजमध्ये लावणार असाल तर १० अँपिअरच्या सॉकेटमध्ये, आणि तो लावलेला असताना इग्निशन चालू करायचं नाही.

गळती जास्त निघाली की एकेक फ्यूज उपटत सुटू नका. फ्यूज काढताच किंवा परत घालताच मॉड्यूल जागे होतात आणि पुन्हा अर्धा तास गेला. फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन ठिपक्यांवर मीटर मिलिव्होल्टमध्ये लावा. आकडा शून्य, तर त्या फ्यूजमधून करंट जात नाही. ज्या फ्यूजवर आकडा दिसेल, त्याची वायर डायग्रॅमवर धरून पुढे जा. शेवटी बऱ्याचदा डिक्कीचा न विझणारा दिवा, चिकटलेला रिले किंवा बाहेरून बसवलेला ट्रॅकर सापडतो. एखाद्या दाराचा स्विच ‘उघडं’ सांगत राहिल्यामुळे बीसीएम झोपलाच नाही, असंही होतं. मग परत लाइव्ह डेटा.

आणि खरंच बीसीएम गेला असेल तर

सप्लाय आणि अर्थ लोडवर चांगल्या, इनपुट पिनेवर पोचतोय, आउटपुटची वायर शॉर्ट नाही आणि तुटलेलीही नाही, कॅन ठीक आहे, आणि तरी काम होत नाही. आता बदला. पण जुना काढण्याआधी स्कॅनरने त्याचं कॉन्फिगरेशन वाचून साठवून ठेवा. अनेक गाड्यांत इमोबिलायझरही (ओळखीच्या किल्लीशिवाय इंजिन सुरू न होऊ देणारी यंत्रणा) बीसीएमशी बांधलेला असतो, तेव्हा नवा बसवल्यावर कोडिंग आणि किल्ल्या शिकवणं आलंच, आणि त्यासाठी ग्राहकाकडून सगळ्या किल्ल्या आधीच मागून घ्या. दुसऱ्या चालू गाडीचा बीसीएम काढून ‘लावून बघू’ हा प्रकार करू नका, त्यात दोन्ही गाड्या अडकू शकतात.

काम झाल्यावर कोड पुसा, सुरुवातीला केलेली यादी पुन्हा चालवून बघा, काचांचं ऑटो वर-खाली परत शिकवा, गाडी लॉक करून झोपू द्या आणि गळती पुन्हा मोजा. तो आकडा आणि अर्थवर मिळालेलं व्होल्टेज जॉब कार्डवर लिहून ठेवा. सहा महिन्यांनी तीच गाडी आली तर तुलना करायला हातात काहीतरी असेल.